गवताचा अल्बेडो ०.०८ का येतो: लक्समीटर, ऊन आणि ढग यांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं उपकरण, आधी आकाशाकडे आणि मग जमिनीकडे धरून दोन्ही आकड्यांचं गुणोत्तर, म्हणजे अल्बेडो, काढलं. पांढरा रंग दिलेल्या गच्चीचा अल्बेडो ०.८६ आला, तीन मीटर रुंद डांबरी वाटेचा ०.१०, पण हिरवळीचा फक्त ०.०८. तक्त्यांमध्ये हिरवळीला ०.२० ते ०.२५ दिलेला असतो. ढगाळ दिवशी मोजल्यावर आकडे पुन्हा वेगळे आले. मग मीटर बिघडलाय का? आणि ढग वरून इतके पांढरे असतात तर खालून काळे का दिसतात, त्यांच्यामुळे पृथ्वी गार राहते की तापते?

मीटर बहुधा ठीक आहे. अडचण अशी की अल्बेडो हा वस्तूच्या वजनासारखा ठरलेला आकडा आहे असं धरून आपण मोजायला जातो. खरं तर तो एक भागाकार आहे: वर परत गेलेली सौर ऊर्जा भागिले खाली आलेली सौर ऊर्जा. खाली आलेल्या उन्हात कोणत्या तरंगलांब्या किती होत्या, ते सरळ सूर्याकडून आलं की सगळ्या आकाशातून, आणि तुमच्या उपकरणाला त्यातलं किती दिसलं, या सगळ्यांवर उत्तर हलतं. तक्त्यातला आकडा म्हणजे ठरावीक परिस्थितीतली सरासरी. म्हणून पृष्ठभागाआधी उपकरणाकडे बघू.

लक्समीटर माणसाच्या डोळ्यासारखा बघतो. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला तो सगळ्यात जास्त दाद देतो आणि ४०० च्या खाली व ७०० च्या वर जवळजवळ आंधळा असतो. दिवे आणि अभ्यासाची टेबलं तपासायला हेच हवं असतं. पण जमिनीवर पोचणाऱ्या सौर ऊर्जेपैकी निम्म्याच्या आसपास ऊर्जा ७०० नॅनोमीटरच्या पलीकडे, अवरक्त भागात असते. हिरवं पान नेमकं त्या सीमेवर रूप बदलतं. ७०० च्या अलीकडे हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश गिळून टाकतं, हिरवा थोडा सोडतं. ७०० ओलांडलं की हरितद्रव्याचं काम संपतं आणि पानातल्या पेशी व हवेच्या पोकळ्या प्रकाश विखरून परत पाठवतात. ७५० ते १३०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात दाट हिरवळ ४० ते ५० टक्के ऊन परतवते. त्यापुढे पानातलं पाणी शोषायला लागतं. १४५० आणि १९४० च्या जवळ त्याचे ठळक खड्डे दिसतात.

आता बेरीज करा. ऊर्जेचा ४५ टक्के वाटा दृश्य भागाचा आणि तिथे परावर्तन ०.०७ धरू, ५५ टक्के वाटा अवरक्ताचा आणि तिथे सरासरी ०.४० धरू. ०.४५ गुणिले ०.०७ म्हणजे ०.०३, ०.५५ गुणिले ०.४० म्हणजे ०.२२. एकूण ०.२५. तक्त्यातला आकडा हाच. तुमच्या मीटरला यातला फक्त पहिला तुकडा दिसला, आणि तो त्याने बरोबर सांगितला.

पांढऱ्या गच्चीवर चूक उलट्या बाजूला होते. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड दृश्य प्रकाश उत्तम परतवतं, पण अतिनील भाग शोषतं, आणि लांबच्या अवरक्तात रंगाचा बांधक द्रव शोषायला लागतो. त्यामुळे लक्समीटर ०.८६ म्हणत असेल तर पूर्ण सौर अल्बेडो ०.८० च्या आसपास असण्याची शक्यता जास्त. उष्णता परतवणारे गडद रंग मिळतात त्यांच्या बाबतीत तर लक्समीटर निरुपयोगी आहे. असा काळा रंग डोळ्याला साध्या काळ्यासारखाच दिसतो. साधा काळा सगळ्या पट्ट्यात मिळून ५ टक्के परतवत असेल तर हा २५ टक्क्यांपर्यंत परतवू शकतो, आणि तो सगळा फरक डोळ्याला न दिसणाऱ्या भागात असतो.

योग्य उपकरण म्हणजे पायरॅनोमीटर. काचेच्या घुमटाखाली काळी चकती असलेला, तापमानाच्या फरकावर चालणारा प्रकार साधारण २८५ ते २८०० नॅनोमीटर बघतो. अल्बेडोसाठी असे दोन, पाठीला पाठ लावून, एक वर आणि एक खाली तोंड करून बसवतात. सिलिकॉनच्या चकतीचा स्वस्त प्रकार ४०० ते ११०० एवढंच बघतो, आणि त्याची दाद त्या पट्ट्यातही सारखी नसते. आकाशाकडे धरला तर तो चांगलं काम करतो, कारण त्याचं मापांकन आकाशाच्या उन्हावरच केलेलं असतं. खाली हिरवळीकडे वळवला की त्याच्या खिडकीत पानाचा सगळ्यात उजळ भाग येतो आणि पाण्याने शोषलेला भाग बाहेर राहतो, म्हणून तो अल्बेडो जास्त दाखवतो. हिमावरही तसंच: ताजं हिम दृश्य भागात ९५ टक्क्यांपर्यंत परतवतं, पण १५०० नॅनोमीटरजवळ जवळपास काळं असतं.

लक्समीटर फेकून द्या असं मी म्हणणार नाही. एकाच रंगाची गच्ची दर महिन्याला किती मळते आहे हे पाहायला तो पुरतो. राखाडी काँक्रीट आणि डांबर सगळ्या तरंगलांब्यांना बरंचसं सारखंच वागवतात, तिथेही आकडा फार चुकत नाही. मातीला तो थोडा कमी अल्बेडो देतो, कारण मातीचं परावर्तन अवरक्ताकडे हळूहळू वाढत जातं. मात्र लक्सवरच्या सगळ्या आकड्यांना एकाच गुणकाने गुणून सौर अल्बेडो काढायचा मोह टाळा. गवताला तो गुणक ३ लागेल आणि पांढऱ्या रंगाला ०.९३.

आता धरायची पद्धत, कारण डांबराच्या आकड्यात मला उपकरणाच्या नजरेबरोबर जागेचीही गडबड दिसते. खाली तोंड केलेला संवेदक फक्त पायाखालची जमीन बघत नाही. उंची h असेल, तर r त्रिज्येच्या वर्तुळातून त्याला मिळणारा वाटा r² भागिले (r² + h²) एवढा असतो. एक मीटर उंचीवर ९० टक्के प्रकाश हवा असेल तर चहूबाजूंनी तीन मीटरपर्यंत एकच पृष्ठभाग लागतो. ९९ टक्क्यांसाठी दहा मीटर. तीन मीटर रुंदीच्या लांब वाटेच्या मध्यावर, एक मीटर उंचीवर, डांबराचा वाटा जेमतेम ८३ टक्के पडतो आणि उरलेलं कडेचं गवत किंवा माती असते. तोच मीटर अर्ध्या मीटरवर आणला की वाटा ९५ टक्के होतो. छपरांच्या मोजणीसाठी अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची ई१९१८ ही पद्धत आहे. तिच्यात किमान चार मीटरचा तुकडा आणि ५० सेंटिमीटर उंची का घेतली आहे, ते याच गणितात दिसतं.

मग आणखी खाली का जाऊ नये? सावलीमुळे. आठ सेंटिमीटर व्यासाच्या उपकरणाची सावली नेमकी त्याच्याखाली पडली तर अर्ध्या मीटरवर ती जेमतेम अर्धा-पाऊण टक्का खाते, पण दहा सेंटिमीटरवर तीच चौदा टक्के खाते. तुमच्या स्वतःच्या सावलीचंही तसंच. सूर्याकडे तोंड करून उभं राहा, मीटर दीड-दोन मीटरच्या दांडीच्या टोकाला बांधून सूर्याच्या दिशेने पुढे करा. तुमची सावली मागे जाईल. अंगात झगझगीत पांढरे कपडे नकोत.

आकडे घेताना क्रम वर, खाली, वर असा ठेवा आणि तिन्ही वीस-तीस सेकंदांत उरका. दोन ‘वर’च्या आकड्यांची सरासरी भागाकाराला घ्या. त्या दोघांत दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तो संच सोडून द्या, मधे ऊन बदललेलं आहे. मीटर आडवा समतल आहे का, हे छोट्या पाणसळीने तपासा. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना एक अंशाचा कल ‘वर’चा आकडा सुमारे ३ टक्क्यांनी हलवतो, १० अंशांवर असताना १० टक्क्यांनी. स्वस्त मीटरची पांढरी घुमटी तिरप्या किरणांना कमी मोजते, आणि ही चूक वर-खाली छेदली जात नाही: वर बघताना बहुतेक प्रकाश एकाच कोनातून येतो, खाली बघताना सगळीकडून. एकच मीटर उलटसुलट वापरला म्हणजे त्याच्या चुका आपोआप कटतात, हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे. सूर्य ४५ अंशांच्या वर असतानाच मोजा. आणि फोनचा प्रकाशसंवेदक किंवा कॅमेरा या कामाला नको; एकाला कोन कळत नाही, दुसरा स्वतःच उजेड जुळवून घेतो.

सूर्याच्या उंचीचा पृष्ठभागावरही परिणाम होतो, सगळ्यात जास्त पाण्यावर. शांत पाण्यावर डोक्यावरच्या सूर्याचे फक्त २ टक्के किरण परततात. सूर्य ३० अंशांवर असताना ६ टक्के आणि १० अंशांवर सुमारे ३५ टक्के. लाटांमुळे हा शेवटचा आकडा खाली येतो. गवत, माती, वाळू यांचाही अल्बेडो सकाळी-संध्याकाळी चढतो आणि दुपारी तळाला असतो, फक्त चढ सौम्य असतो. त्यामुळे वेळ न लिहिलेला अल्बेडो दुसऱ्या कशाशी ताडून पाहता येत नाही.

ओलावा तर आकडा सरळ अर्ध्यावर आणू शकतो. कोरडी फिकट माती ०.३० च्या आसपास असेल तर पाऊस पडल्यावर ती ०.१५ पर्यंत उतरते. पाणी स्वतः रंगहीन असतं, तरी माती काळपट होते, याची दोन कारणं. कणांमधली हवा जाऊन पाणी आलं की कण आणि भोवताल यांच्या अपवर्तनांकातला फरक कमी होतो. प्रकाश बाजूला फेकला जाण्याऐवजी पुढे खोल जातो. शिवाय वर यायला निघालेला तिरपा किरण पाण्याच्या पापुद्र्याच्या आतल्या बाजूला आपटून परत मातीत वळतो, म्हणजे मातीला शोषायची दुसरी संधी मिळते. हे दुसरं कारण आन्डर्स आँगस्ट्रॉम यांनी १९२५ मध्ये मांडलं. दव असलेली सकाळ म्हणून मोजणीतून वगळा.

गच्चीच्या बाबतीत एक हिशेब अवश्य करा. रंग नवा असताना ०.८० असलेला अल्बेडो धूळ आणि शेवाळाने काही काळात ०.६५ वर येतो. परावर्तन जेमतेम पाचव्या भागाने घटलं असं वाटतं. पण छपराला तापवते ती न परतलेली ऊर्जा. दर चौरस मीटरला ९०० वॉट ऊन असताना आधी १८० वॉट आत शिरत होते, आता ३१५. आत शिरणारी उष्णता पाऊणपट वाढली. धुतल्यावर यातला बराच भाग परत मिळतो, म्हणून पांढऱ्या छपराच्या देखभालीत झाडू-पाण्याला रंगाइतकंच महत्त्व आहे. कोऱ्या चकचकीत पत्र्यावर मात्र अल्बेडो एकटा पुरत नाही: तो ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण शोषलेली उष्णता अवरक्तातून बाहेर टाकण्यात फार कमी पडतो, म्हणून चटका बसण्याइतका तापतो.

आता ढगांकडे येऊ. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण एकाच पाण्याची तीन रूपं इथे शेजारी ठेवता येतात: उघडा समुद्र सुमारे ०.०६, जाड स्तरमेघ ०.६ ते ०.७, ताजं हिम ०.८ ते ०.९. पाणी तेच, दृश्य प्रकाश जवळजवळ न शोषणारं. फरक आहे तो हवा आणि पाणी यांच्यातल्या सीमांच्या संख्येचा. समुद्राला वर एकच सीमा. एकदा आत गेलेला किरण खोल जातो आणि हरवतो. ढगात आणि हिमात प्रत्येक थेंब, प्रत्येक स्फटिक ही नवी सीमा, आणि दर सीमेवर किरणाची दिशा थोडी बदलते.

एक बेताचा ढग घ्या: ३०० मीटर जाड, थेंबांची त्रिज्या सुमारे १० मायक्रॉन, एका चौरस मीटरच्या स्तंभात १०० ग्रॅम पाणी. हे सगळं पाणी खाली पसरलं तर थर होईल ०.१ मिलिमीटर. पण या ढगाची प्रकाशीय जाडी येते १५, म्हणजे सरळ जाणारा किरण सरासरी दर २० मीटरवर एका थेंबाला धडकतो. थेंब प्रकाश बहुतांशी पुढेच ढकलतात, त्यामुळे मूळ दिशा पुसली जायला सहा-सात धडका लागतात. प्रकाशीय जाडी τ असेल तर ढगाचा अल्बेडो साधारण τ भागिले (τ + ७.७) एवढा येतो. τ २ असेल तर ०.२१, आपल्या ढगाला ०.६६, ५० असेल तर ०.८७. सुरुवातीला अल्बेडो झरझर वाढतो आणि मग वाढ मंदावते. पातळ ढगात थोडं पाणी वाढलं की मोठा फरक पडतो, गर्जणाऱ्या उंच ढगात जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

खालून काळेपणा याच गणितातून येतो. τ ५० च्या ढगाखाली जेमतेम १३ टक्के प्रकाश उरतो. काळ्या दिसणाऱ्या ढगाने प्रकाश गिळलेला नसतो. तो वर पाठवलेला असतो, आणि तुम्ही चुकीच्या बाजूला उभे असता. शेजारी उजळ आकाश असेल तर डोळा तोच तळ आणखी काळा ठरवतो. तळाचा उजेड खालच्या जमिनीवरही अवलंबून असतो. ध्रुवीय समुद्रांतले खलाशी ढगांच्या तळावरून पुढचा मार्ग ओळखत: तळ उजळ दिसला की खाली बर्फ, काळपट पट्टा दिसला की खाली उघडं पाणी. ०.८५ चं हिम आणि ०.६ चा ढग यांच्यात प्रकाश इतक्या वेळा खालीवर होतो की हिमावरचा उजेड काळ्या जमिनीवरच्या उजेडाच्या दुप्पट होतो. समुद्रावर हीच वाढ फक्त ४ टक्के असते.

पाणी तेवढंच ठेवून थेंबांची संख्या दुप्पट केली तर त्रिज्या सव्वापटीने घटते, τ १५ वरून १९ होतो आणि अल्बेडो ०.६६ वरून ०.७१ वर जातो. धुराचे कण ढगात हेच करतात, हे शॉन टूमी यांनी १९७० च्या दशकात दाखवलं. समुद्रावरच्या पातळ स्तरमेघांत जहाजांच्या धुराने उमटलेल्या पांढऱ्या रेषा उपग्रहचित्रांत दिसतात, त्या यामुळेच. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली आणि या रेषा ठळकपणे कमी झाल्या.

पृथ्वी गार की गरम, याला एकच उत्तर सगळ्या ढगांसाठी नाही. पृथ्वीला सरासरी दर चौरस मीटर सुमारे ३४० वॉट ऊन मिळतं आणि त्यातलं सुमारे १०० परत जातं. ढग नसते तर आणखी ४५ च्या आसपास वॉट आत राहिले असते. उलट ढग खालून बाहेर पडणारी उष्णता अडवून २५ ते ३० वॉट राखून ठेवतात. वजाबाकी गारव्याकडे झुकते, सुमारे २० वॉटने. १९८९ मध्ये वीरभद्रन रामनाथन आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या मोजमापांतून पहिल्यांदा ही दिशा पक्की केली. पण सुटे ढग पाहिले तर समुद्रावरचे खालचे जाड स्तरमेघ गारवा देतात: ऊन परतवतात आणि त्यांचा माथा जवळपास समुद्राइतकाच उबदार असल्याने उष्णता फारशी अडवत नाहीत. उंच, पातळ, तंतूंसारखे सिरस ढग ऊन सोडतात आणि उष्णता अडवतात, म्हणून ऊब देतात. रात्री सगळेच ऊब देतात. हिमावर आलेला ढग दिवसाही ऊब देऊ शकतो, कारण तिथे खालचं पांढरेपण त्याच्याएवढंच असतं.

तुमच्या ढगाळ दिवसाच्या आकड्यांचं स्पष्टीकरण यात आलंच. पूर्ण भरलेल्या आकाशात प्रकाश सगळीकडून येतो, सूर्याच्या उंचीचा परिणाम पुसला जातो, आणि अल्बेडो दिवसभर जवळजवळ सपाट राहतो. पायरॅनोमीटर असेल तर आणखी एक फरक दिसेल: ढगातलं पाणी अवरक्त भाग शोषतं, त्यामुळे खाली आलेल्या प्रकाशात दृश्य वाटा वाढतो. हिरवळीचा अल्बेडो त्याने थोडा उतरतो आणि हिमाचा चढतो. एकसारखं भरलेलं आकाश मोजायला वाईट नाही, फक्त ते आकडे निरभ्र दिवसाच्या रकान्यात मिसळू नका. तुटक ढग मात्र टाळाच. सूर्य ढगाच्या कडेजवळ असताना सरळ ऊन आणि कडेवरून विखुरलेलं ऊन एकत्र पडतं, जमिनीवरचा आकडा निरभ्र दिवसाच्याही वर जातो आणि काही सेकंदांत निम्म्यावर कोसळतो.

सध्या गवताचा ०.०८ खोडू नका, त्यापुढे ‘दृश्य’ लिहा. डांबराची मोजणी अर्ध्या मीटरवरून पुन्हा घ्या, आणि प्रत्येक ओळीत वेळ, आकाशाची स्थिती, मीटरची उंची आणि जमीन कोरडी की ओली एवढं नोंदवा. पुढेमागे पायरॅनोमीटर उसना मिळाला तर पहिल्यांदा हिरवळीवरच लावा. दोन्ही उपकरणांतला सगळ्यात मोठा फरक तिथेच दिसेल.